सिम्युलेटर आणि समुद्रातले तास

लोणावळ्याच्या भुशी धरण परिसरात आयएनएस शिवाजी आहे. नौदलाचे इंजिनिअर आणि तंत्रज्ञ १९४५ पासून इथे घडतात. इथल्या 'अक्षत' सिम्युलेटरमध्ये भगदाडातून पाणी घुसते, कप्पा डोलू लागतो आणि प्रशिक्षणार्थींना लाकडी पाचरी ठोकून, टेकू लावून ते पाणी अडवावे लागते. जैविक, रासायनिक आणि अण्वस्त्र हल्ल्यांच्या सरावासाठी गोवा शिपयार्डने बांधलेले 'अभेद्य' जानेवारी २०२० मध्ये सुरू झाले. आता प्रश्न पुढचा आहे. आग कशी पसरेल, जहाज किती कलेल, हे सांगणारे प्रयोगशाळेतले संगणकीय संशोधन प्रशिक्षणात किती आणि कुठवर आणायचे?

ते लवकर आणा, असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. सरावासाठी कोणी युद्धनौका पेटवून देत नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या गोदीत 'ब्रह्मपुत्रा' या युद्धनौकेला आग लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आटोक्यात आली, पण दुपारी जहाज एका बाजूला कलले; एका नौसैनिकाचा जीव गेला. जहाजावरची आग विझवताना मारलेले पाणी आतच साचते, एका कुशीकडे सरकते आणि तोल बिघडवते. धुरात उभे राहून हा हिशेब करणे कुणालाही अवघड. संगणकावर मात्र तो आधीच शेकडो प्रकारे मांडून शिकवता येतो.

दुसरीकडे, साशंक असलेल्यांचा अनुभवही हलका नाही. अमेरिकी नौदलाने २००३ मध्ये कनिष्ठ अधिकाऱ्यांचा काही महिन्यांचा वर्ग बंद करून त्यांच्या हाती संगणकाच्या सीडी दिल्या. २०१७ मध्ये 'फिट्झगेराल्ड' आणि 'मॅकेन' या त्याच नौदलाच्या युद्धनौकांच्या दोन वेगवेगळ्या टकरींत मिळून १७ जण दगावले. वर्ग तोवर पुन्हा सुरू झाले होते आणि अपघातांची कारणेही अनेक होती, थकवा त्यांतलाच. तरीही प्रशिक्षणातली उणीव चौकशीत ठळकपणे पुढे आली. शिवाय जहाजाच्या संगणकीय प्रतिरूपाला जेवढे सांगावे तेवढेच ते जाणते. गंजलेला व्हॉल्व्ह किंवा नीट न मिटणारे झाकण पडद्यावर ठणठणीतच दिसते.

आमचा कल संशोधन आणण्याकडे आहे, पण सरसकट नाही. आग, पूर, विषारी वायू यांचा खरा प्रसंग सरावासाठी जहाजावर घडवता येत नाही. तिथे विलंब नको. इंजिन रूममधली पाळी मात्र खऱ्या समुद्रात करता येते. सिम्युलेटर आला म्हणून समुद्रातले तास कापणे घातक ठरेल, भले त्यात इंधन वाचो.

राहिला गोपनीयतेचा मुद्दा. जहाजाची दुबळी जागा जितक्या कमी लोकांना ठाऊक तितके बरे, ही नौदलाची भूमिका रास्त आहे. मात्र अपघातांच्या चौकशीतले तपशील कळलेच नाहीत, तर प्रतिरूप बनवणारे अंदाजावरच काम करत राहतील. अशा प्रतिरूपांसाठी लांब जायला नको; 'परम' महासंगणक घडवणारे सी-डॅक पुण्यातच आहे. सुरक्षा तपासणी झालेल्या मोजक्या संशोधकांना 'ब्रह्मपुत्रा'ची चौकशी खुली करावी आणि लोणावळ्यातल्या पुढच्या तुकडीला तोच प्रसंग सोडवायला द्यावा.