आधी निर्णय, मग अभ्यास

लग्न ठरले की चर्चमध्ये त्याची जाहीर घोषणा होते. वधूवरांच्या संबंधात काही अडचण कोणाला ठाऊक असेल तर ती लग्नाआधी कळावी, एवढाच तिचा हेतू. लग्न लावून, वऱ्हाड घरी पोहोचवून, मग घोषणा वाचणाऱ्या धर्मगुरूंना आपण काय म्हणू? वाढवण बंदराच्या बाबतीत शासनाने नेमके हेच केले आहे, आणि त्याला ते पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन म्हणते.

क्रम पाहा. केंद्रीय मंत्रिमंडळाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी ह्या बंदराला तत्त्वतः मान्यता दिली. जनसुनावणी झाली ती १९ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे जवळजवळ चार वर्षांनंतर. तीही वाढवणला नव्हे, पालघरला. त्यानंतर महिना पुरा व्हायच्या आत, १६ फेब्रुवारीला, पर्यावरणीय मंजुरी हाती आली. समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध, ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च. एवढ्या कामावरच्या हरकती अठ्ठावीस दिवसांत वाचून, तपासून, तोलून झाल्या, असे आपण मानावे अशी अपेक्षा आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणीही झाली.

हा किनारा कायद्याला अनोळखी नव्हता. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. तेथे कोणते उद्योग चालतील, कोणते मुळीच चालणार नाहीत, आणि चालणाऱ्यांनी मिळून ५०० एकरांपेक्षा अधिक जागा व्यापू नये, हे त्यात लिहिले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. ह्या प्राधिकरणाने काय केले ते नव्या पिढीला सांगितले पाहिजे. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राला धुरातील गंधकवायू काढून टाकणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश त्याने १९९९ मध्ये दिला. कंपनीने टाळाटाळ केली, पण २००७ मध्ये ती यंत्रणा बसली. आणि वाढवणचे बंदर? ते ह्याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारले होते. त्या वेळी पी अँड ओ ही परदेशी कंपनी ते बांधणार होती. नाजूक तालुक्यात असे बंदर बसत नाही, इतके साधे ते उत्तर होते.

मग २०२३ मध्ये ते कसे बसले? किनारा बदलला नाही, खडक बदलले नाहीत. बदलले ते नाव. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना उद्योगांच्या यादीतून उचलून ‘बिगर-औद्योगिक’ ठरवले. बंदर हा उद्योगच नाही म्हटल्यावर उद्योगांवरची बंदी त्याला लागणार कशी? धर्माधिकारी ह्यांचे जानेवारी २०१९ मध्ये निधन झाले होते. त्यांच्या पश्चात त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी ना-हरकत दिली, आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. न्यायालयाचा मान राखूनही एक गोष्ट म्हणता येते: ह्या शब्दखेळाची भरतीओहोटीला गंधवार्ता नाही.

नावावरून सूट देण्याचा हा रोग बंदरापुरता नाही. पवनऊर्जेचेच घ्या. वारा स्वच्छ, म्हणून पवनचक्कीही निर्दोष, असे धरून २००६ च्या अधिसूचनेच्या परिशिष्टात पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेशच झाला नाही. त्यांना मूल्यमापन नाही, जनसुनावणीही नाही. खेड तालुक्यात भीमाशंकरच्या परिसरात ह्या निर्दोष चक्क्यांसाठी जंगल तोडून, डोंगर कापून रस्ते झाले. मी पवनचक्क्यांच्या विरुद्ध नाही; कोळशापेक्षा वारा केव्हाही बरा. पण पाते कोठे फिरणार, तिथवर अवजड वाहने कोणत्या उतारावरून जाणार आणि पावसाळ्यात ती माती कोणाच्या शेतात उतरणार, हे विचारायला नको काय?

मूल्यमापन होते तेथेही ते कसे होते? ज्याला प्रकल्प हवा तोच सल्लागार नेमतो आणि तोच त्याचे पैसे भागवतो. शेकडो पानांचा अहवाल इंग्रजीत. मराठीत मिळतो तो सारांश. सुनावणीत बोललेले लिहून घेतले जाते, पण त्यावर उत्तर पटले की नाही, हे कोणी विचारत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात ह्यावर एक स्वतंत्र परिच्छेदच लिहिला आहे: असे मूल्यमापन प्रकल्पाचा आराखडा ठरल्यानंतर नव्हे, आरंभापासून व्हावे, ते पैशाच्या आणि सत्तेच्या दडपणापासून मुक्त असावे, आणि स्थानिक रहिवाशांना चर्चेत विशेष स्थान असावे. आपल्याकडे ते पत्र वृक्षारोपणाच्या दिवशी आठवते. जनसुनावणीच्या दिवशी आठवले असते तर बरे झाले असते.

कोणी म्हणेल, बंदराने रोजगार येईल. येईलही. पण आज तेथे रोजगार नाही काय? बोंबील आहेत, खडकांतले कालव आणि शिंपले वेचणाऱ्या बायका आहेत, वरोर-चिंचणीच्या बाजूला सोनारांसाठी डाय बनवणारे कारागीर आहेत, घोलवडचा चिकू आहे. शिवाय विकासाची आश्वासने ह्या पट्ट्याने पूर्वीही ऐकली आहेत. तारापूरची अणुवीज १९६९ पासून वाहते आहे. तिच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. शेजारच्या औद्योगिक वसाहतीने २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुण मिळवून देशात पहिला क्रमांक पटकावला. खाडीचे पाणी वाचवण्यासाठी मांगेला समाज परिषदेला हरित लवादापुढे जावे लागले. अणुकेंद्र, रासायनिक कारखाने, औष्णिक वीज, द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन आणि आता बंदर. प्रत्येकाचा अहवाल वेगळा आणि प्रत्येकाचा परिणाम म्हणे सुसह्य. सगळ्यांचा मिळून परिणाम मोजणे कोणाच्याच कामात बसत नाही. मासा मात्र एकाच समुद्रात राहतो.

आणि वाचकहो, हे दुखणे डहाणूकरांचे म्हणून आपण वसईकरांनी खिडकी लावून घेऊ नये. आपल्या नळाला पाणी येते ते सूर्या नदीचे. विकास आराखड्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचा लढा उभा राहिला, तेव्हा आपणही हेच म्हणत होतो की आमच्या वाड्या, आमच्या विहिरी मोजल्याशिवाय नकाशावर रेघ ओढू नका.

वाढवणच्या खालोखाल, सातपाटीच्या शेजारी मुरबे येथेही बंदराचा प्रस्ताव पुढे आला आहे. सातपाटीची पापलेट सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. ह्या नव्या बंदराचा संपूर्ण अहवाल मराठीत छापावा, गावागावांतून वाचायला द्यावा, मासेमारीचा एक पूर्ण हंगाम कोळी बांधवांना त्यावर विचार करू द्यावा, आणि वाढवण, तारापूर व मुरबे ह्यांच्या एकत्रित परिणामाचा हिशेब मांडल्याशिवाय मंजुरीचा कागद पुढे सरकवू नये, असे पत्र प्रत्येक पॅरिश कौन्सिलने जिल्हाधिकाऱ्यांना लिहावे. पालघर वेगळा जिल्हा झाला तो २०१४ मध्ये. जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आता आपल्यापासून फार दूर नाही.