जखम भरली, उपचार संपलेले नाहीत

स्टोव्हचा भडका उडून किंवा उकळते पाणी सांडून भाजलेली जखम भरली, की रुग्णाला घरी पाठवले जाते. अनेकांची खरी परवड तिथूनच सुरू होते. पुढच्या काही आठवड्यांत व्रण जाड, लाल आणि कडक होतो. मान वळत नाही, कोपर सरळ होत नाही, खाजेने रात्रभर झोप लागत नाही. तरीही व्रण म्हणजे केवळ दिसण्याचा प्रश्न, असाच समज आहे. विज्ञान मात्र वेगळे सांगते.

जखम सांधण्यासाठी त्वचेतील फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन तयार करतात. काम झाले की हे उत्पादन थांबायला हवे. ते आवरणाऱ्या यंत्रणेत मायक्रोआरएनए या सुमारे २२ अक्षरी चिमुकल्या रेणूंचा वाटा मोठा आहे. जनुकाने धाडलेला निरोप ते वाटेतच अडवतात. त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. यांपैकी ‘मिर-२९’ कोलॅजनला लगाम घालतो. जखमेत टीजीएफ-बीटा या प्रथिनाचा जोर वाढला, की हा लगाम सैल होतो. उलट ‘मिर-२१’ वाढून तंतूंच्या वाढीला खतपाणी घालतो. हृदय आणि फुप्फुसांच्या फायब्रोसिसमध्येही हेच दोन रेणू आढळतात. म्हणजेच कडक व्रण हा बिघडलेल्या नियंत्रणाचा आजार आहे.

‘मिर-२९’ची नक्कल करणारे रेमलारसेन हे औषध निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेतील छोट्या जखमांत टोचल्यावर कोलॅजनची निर्मिती मंदावल्याचे दिसले. मात्र व्रणांवरचे असे कोणतेही औषध अद्याप बाजारात नाही. त्यामुळे ‘आरएनए’चे नाव लावून व्रण पुसण्याची हमी देणाऱ्या मलमांना भुलू नये.

हाताशी असलेले उपाय साधे आहेत. भाजल्याबरोबर २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याची धार धरावी. टूथपेस्ट किंवा शाई लावू नये. तीन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेवर जाड व्रणाचा धोका मोठा असतो, म्हणून ती वेळेत तज्ज्ञांना दाखवावी. त्यानंतर सिलिकॉनची पट्टी, दाब देणारे घट्ट कपडे, स्प्लिंट आणि व्यायाम कित्येक महिने चालू ठेवावे लागतात. गरीब रुग्णाला नेमके हेच परवडत नाही. सरकारी रुग्णालयांनी आणि आरोग्य योजनांनी हा खर्च चैनीचा न मानता भाजल्यावरील उपचारांचाच भाग मानला पाहिजे. नव्या औषधाची वाट पाहताना आखडलेला हात तसाच राहू देणे योग्य नाही.