आधी सांगा, मग रडा!

मुलांनो, गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या कासारवाडीच्या शाळेत, माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. मधल्या सुट्टीची घंटा झाली की एरवी हा सगळ्यांच्या आधी मैदानावर. त्या दिवशी मात्र बाकावरच बसून राहिला. डबासुद्धा उघडला नाही. मी जवळ जाऊन विचारलं, "काय रे, पोटात दुखतंय का?" तो गप्प. पलीकडून लोकल धडधडत गेली. आवाज विरल्यावर हळूच म्हणाला, "बाई, माझ्यामुळे आईचे पैसे गेले."

झालं होतं असं. आई भोसरीला एमआयडीसीत कामाला, बाबा चाकणला सेकंड शिफ्टला. रविवारी आईचा मोबाइल ह्याच्या हातात होता. फोन आला, "बँकेतून बोलतोय. मेसेजमध्ये आलेला नंबर सांग बेटा, नाहीतर आईचं कार्ड बंद पडेल." आवाज अगदी गोड! ह्याने नंबर सांगितला आणि खात्यातून आठ हजार रुपये गेले. मार बसेल म्हणून त्याने मेसेज पुसून टाकला आणि दोन दिवस कुणाला काही बोलला नाही.

आता मला सांगा, चूक कुणाची? तुम्ही म्हणाल, त्याची. नाही! नंबर सांगायला नको होता, हे खरं. पण चोरी चोराने केली. आपण काय करतो, तर ज्याचं गेलं त्यालाच विचारतो, "कुलूप का नव्हतं लावलं?" मग लहान मुलं सांगतील कशाला?

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. इथे मात्र मूठ झाकली तर फायदा चोराचा. फोनवरून पैसे गेले की लगेच १९३० हा नंबर फिरवायचा. पैसे ज्या खात्यात गेले, तिथेच ते अडवायचा प्रयत्न होतो. पण चोर ते भराभर पुढे सरकवतो, म्हणून पहिला तास सोन्यासारखा! बँकेलाही तेव्हाच कळवायचं. आपण नंबर सांगून बसलो असलो, तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्यांचं नुकसान बँकेने सोसायचं, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिला.

पोलिसांकडे जायला मोठी माणसंही बिचकतात. "आमच्या हद्दीत नाही म्हणाले तर?" असं त्यांना वाटतं. समजा, पुण्याला जाताना कुणाची पर्स चोरीला गेली. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. ते ती पुढे योग्य ठाण्याकडे पाठवतात. तक्रार लिहून झाली की ती आपल्याला वाचून दाखवायची आणि तिची प्रत फुकट द्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. तपास कुठवर आला, हे तक्रारदाराला ९० दिवसांच्या आत कळवावं लागतं. आणि संकट समोरच उभं असेल तर ११२.

तुमच्यासाठी खास नंबर आहे १०९८. दस-नौ-आठ, असा उलटा मोजला की विसरत नाही! १९९६ मध्ये मुंबईत ह्या फोनची सुरुवात झाली. रात्री-अपरात्रीसुद्धा तो लागतो आणि पैसे पडत नाहीत. कुणी मारत असेल, धमकावत असेल, नको तसा हात लावत असेल, तर तिथे सांगा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशा वेळी मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी घेतात. आई-बाबा किंवा विश्वासाचं माणूस सोबत असतं, पोलीस गणवेशात नसतात आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. वकिलाच्या खर्चाला घाबरून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोन १५१००. लैंगिक अत्याचार किंवा अ‍ॅसिड हल्ला सोसलेल्या स्त्रिया-मुलांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. तिच्यातून पैशांची मदत आणि मनाला उभारी देणारं समुपदेशन मिळतं. आणि मूल काही सांगायला आलं, तर "का केलंस?" असं नका विचारू. आधी "कधी झालं?" ते विचारा.

आमच्या त्या मुलाच्या आईने त्याच संध्याकाळी १९३० ला फोन केला. दोन दिवस उलटून गेले होते. पैसे मिळतील की नाही, अजून कळलेलं नाही. पण फोन ठेवल्यावर ती लेकाला म्हणाली, "पैसे पुन्हा कमवू रे. तू दोन दिवस उपाशी राहिलास, ते मला नाही चाललं." दुसऱ्या दिवशी डबा रिकामा होता आणि स्वारी मैदानावर!

आता ह्या आठवड्याचा अभ्यास. वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा : ११२, १०९८, १९३०, १५१००. आई-बाबांना दाखवा आणि त्यांच्याकडून हे नंबर पाठ करून घ्या. ह्या वेळी परीक्षा त्यांची, मार्क तुम्ही द्यायचे!