सहीपुरती इंग्रजी

कर्ज मागताना मराठी चालते. हप्ता भरताना चालते. हप्ता थकला की दारात येणारा वसुलीवाला तर अशी खणखणीत मराठी बोलतो की शेजारच्या वाडीला ऐकू जावी. इंग्रजी लागते ती फक्त सही करताना.

भोर-वेल्ह्यात हे राजरोस चालले आहे. भाताची खाचरे कसणारा घ्या, राजगडाच्या पायथ्याला पर्यटकांसाठी पिठलं-भाकरीची खानावळ टाकणारी घ्या, नसरापूरला टेम्पोची चौकशी करणारा पोरगा घ्या. पुढ्यात कागदांचे बाड, पेन्सिलीने मारलेल्या फुल्या आणि "काका, इथे, इथे आणि इथे." असली बाडे लोक वाचून घ्यायला माझ्याकडे आणतात, पण सही केल्यानंतर, आणि तेही हप्ता अंगावर आल्यावर. एका बाडात मी एक ओळ वाचली : वरील सर्व मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आला आणि तो मला समजला. ही ओळ इंग्रजीत होती. खाली अंगठा. इतका निगरगट्ट विनोद तमाशातल्या सोंगाड्यालाही सुचायचा नाही.

यावर साहेब लोकांचे ठरलेले उत्तर असते : काय करणार, या धंद्याला मराठीत शब्दच नाहीत. मुद्दल, व्याज, तारण, गहाण, जामीन, इसार, बट्टा, थकबाकी, वायदा, कीर्द, खतावणी हे काय आम्ही लग्नाच्या मंगलाष्टकांत म्हणत होतो? हुंडी वटत होती, तसा आज चेक वटतो किंवा वटत नाही. यातले कितीतरी शब्द फारसी-अरबीतून आले, याचे मला सोयरसुतक नाही. इंग्रजीतूनही येऊ देत. ऊसवाल्याला एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, काय ते विचारून बघा. साखर उताऱ्यासकट आणि पैसे चुकते करण्याच्या चौदा दिवसांच्या मुदतीसकट सांगेल. तेव्हा शब्द परका असणे हे दुखणे नव्हेच. ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याला तो कळू न देणे, हे दुखणे आहे.

सरकारी पंडितांनाही यातून सुट्टी नाही. चेक न वटल्याचा खटला ज्या कायद्याखाली चालतो, त्याचे मराठी नाव 'परक्राम्य संलेख अधिनियम'. भोरच्या बाजारात हे नाव कोणी मोठ्याने घेतले तर लोक मंत्र समजून हात जोडतील. 'कलम 138' म्हणा, चहावालाही समजतो.

आता नुकसान किती ते पाहा. एक लाखाचे कर्ज, बारा टक्के, दोन वर्षे. तोंडी एवढेच सांगतात. कागदावर 'फ्लॅट' असा एक बारीक शब्द असतो. म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावरच. व्याज झाले चोवीस हजार, हप्ता 5,167 रुपये. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून हाच हिशेब मांडला तर दर निघतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. बाराचे साडेएकवीस एका शब्दाने केले. त्यात प्रोसेसिंग फी आणि विम्याचा हप्ता आधीच कापून घेतला की हातात एक लाख पडतच नाहीत, व्याज मात्र लाखावर चालू.

आणि हे सगळे कुठे चालते? शिवाजी महाराजांची पहिली राजधानी जिथे होती त्या राजगडाच्या तालुक्यात. वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव द्यायचा निर्णय 2024 साली झाला. फलक बदलतील, भाषणे झालीच आहेत. पण ज्या राजाचे नाव घेऊन भाषणे झाली, त्याने 1674च्या राज्याभिषेकाच्या सुमारास दरबारी कामकाजाची भाषा बदलायला घेतली होती. राज्यव्यवहारकोश त्यातूनच सिद्ध झाला. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. या सचिवपदाचे काम काय? कागद तपासणे, हिशेब पाहणे, चूक सापडली तर दुरुस्त करणे. तेच पद पुढे शंकराजी नारायणांकडे आले आणि त्यांच्या वंशजांनी पंतसचिव म्हणून 1948च्या विलीनीकरणापर्यंत भोर संस्थान चालवले. कागद तपासणाऱ्याच्या पदवीवर जे संस्थान उभे राहिले, तिथली माणसे आज न वाचता सह्या ठोकतात.

मराठी जमत नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. टपरीवर यूपीआयचे पैसे आल्याचे ओरडून सांगणारा तो डबा पाहा. तो मराठी बोलतो, कारण मराठी बोलल्याशिवाय टपरीवाला त्याचे भाडे भरणार नाही. जिथे गिऱ्हाईक पटवायचे तिथे यंत्राला मराठी येते; जिथे गिऱ्हाईक अडकवायचे तिथे माणसालाही येत नाही. त्याच यूपीआयवर 'कलेक्ट रिक्वेस्ट' नावाचा प्रकार होता. पैसे मागण्याचा निरोप यायचा, लोकांना वाटायचे पैसे येताहेत, पिन टाकला की खाते रिकामे. माणसामाणसांतल्या व्यवहारापुरता तो 1 ऑक्टोबर 2025पासून बंद करावा लागला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे एक साधे मराठी वाक्य वेळेवर पडद्यावर आले असते तर किती जणांची खाती वाचली असती.

आपणही काही कमी नाही. म्हैस घेताना दात मोजतो, सड दाबून पाहतो, दोन वेळचे दूध काढून बघतो. कर्ज घेताना पहिला प्रश्न, "सही कुठे करू?" वाचायला वेळ मागितला तर साहेब रागावेल आणि कर्ज अडेल, ही भीती. साहेब रागावला तर रागावू दे.

कारण नियम तुमच्या बाजूने आहे. 1 ऑक्टोबर 2024पासून रिझर्व्ह बँकेने बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी एक मुख्य माहितीपत्रक सक्तीचे केले आहे. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे, त्यात सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर हवा, आणि त्यात न लिहिलेली कोणतीही फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. बचत गटाच्या बायांनो, तुमच्या सूक्ष्मकर्जाच्या कार्डावरच्या नोंदीही तुम्हाला समजतील अशा भाषेत हव्यात. हा नियम 2022 पासून आहे. ते कर्ज मुदतीआधी फेडले म्हणून दंडही लावता येत नाही. पतसंस्थांना रिझर्व्ह बँकेचे हे नियम लागत नाहीत, आणि गंमत अशी की त्यांचे कागद बहुधा मराठीतच असतात.

तेव्हा पेन हातात घेण्याआधी माहितीपत्रक मराठीत मागा. "सिस्टिममध्ये मराठी नाही" म्हणाले तर तेवढेच लेखी मागा. तक्रार आधी त्यांच्याकडेच करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे तक्रार मराठीत लिहिलेली चालते.