‘संधी मिळाली नाही’ या वाक्याचा कर्ता कोण?

१/ मार्तिन दिइगो या क्यूबन बेसबॉलपटूविषयी कोठेही वाचा, एक वाक्य हमखास भेटते : ‘दुर्दैवाने त्याला मेजर लीगमध्ये खेळण्याची संधी मिळाली नाही.’ हा थ्रेड त्या वाक्याविरुद्ध आहे. (स्पॅनिशमधला ‘ह’ मुका असतो, म्हणून दिइगो. इंग्रजी वळणाने दिहिगो असेही लिहितात.)

२/ मित्रहो, शाळेतले व्याकरण आठवा. या वाक्यात ‘संधी’ हाच कर्ता. पाऊस पडला नाही, आंब्याला मोहोर आला नाही, तशी संधी मिळाली नाही. नाकारणारा माणूस वाक्यात कोठेच नाही. वर ‘दुर्दैवाने’ आहेच. म्हणजे दोष नियतीचा! इतिहास लिहिताना अशी वाक्ये फार सोयीची असतात.

३/ आधी माणूस पाहू. जन्म १९०६, क्यूबाच्या मातान्सास प्रांतात. साखर कारखान्यांचा आणि उसाच्या मळ्यांचा हा मुलूख. क्यूबातील गुलामगिरी कायद्याने संपली १८८६ मध्ये, म्हणजे त्याच्या जन्माच्या अवघी वीस वर्षे आधी. १९२३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो ‘क्यूबन स्टार्स’कडून अमेरिकेच्या निग्रो लीगमध्ये उतरला.

४/ बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा पिचर आणि रोज फटकेबाजी करणारा फलंदाज हे दोन वेगळे धंदे मानले जातात. दिइगो दोन्ही करी. शिवाय इनफिल्ड असो वा आउटफिल्ड, मैदानावरच्या जवळजवळ प्रत्येक जागेवर तो खेळला. १९३५ मध्ये ‘न्यूयॉर्क क्यूबन्स’ अजिंक्यपदाच्या मालिकेपर्यंत पोहोचले, तेव्हा संघाचा व्यवस्थापकही तोच आणि खेळाडूही तोच.

५/ १९३७ : डॉमिनिकन प्रजासत्ताक. हुकूमशहा त्रुहियोच्या नावाने मिरवणाऱ्या राजधानीच्या संघाने सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांना अमेरिकेतून उचलून आणले होते. दिइगो प्रतिस्पर्धी ‘आगिलास’कडून खेळला. त्याच वर्षी त्याने मेक्सिकन लीगच्या इतिहासातला पहिला ‘नो-हिटर’ टाकला, म्हणजे संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट घेऊ दिली नाही.

६/ आणि १९३८, मेक्सिको, वेराक्रूझचा संघ. पिचर म्हणून १८ विजय, २ पराभव. दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी ०.९०. फलंदाज म्हणून सरासरी .३८७ आणि लीगमधील सर्वोत्तम फलंदाजाचा मान. एकाच मोसमात, एकाच माणसाने. हा परिच्छेद पुन्हा वाचावा. मी स्वतः पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक समजलो होतो.

७/ आता मूळ प्रश्न. दार कोणी बंद केले? मेजर लीगच्या नियमपुस्तकात ‘कृष्णवर्णीयांना मज्जाव’ असे कलम नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून क्लबमालकांमध्ये एक अलिखित समझोता होता. दिइगोच्या काळात असे सोळा क्लब होते. १९२० ते १९४४ केनेसॉ माउंटन लँडिस हे आयुक्त होते. या चोवीस वर्षांत एकाही क्लबने एकाही कृष्णवर्णीय खेळाडूशी करार केला नाही. हे झाले कर्ते. त्यांना नावे होती, कार्यालये होती, सह्या होत्या.

८/ येथे हमखास आक्षेप येतो : ‘परदेशी खेळाडूंना त्या काळी कोण घेत होते?’ घेत होते! १९११ मध्ये सिनसिनाटीने राफाएल आल्मेइदा आणि आर्मांदो मार्सान्स या दोन क्यूबन खेळाडूंना घेतले. ते शुद्ध स्पॅनिश वंशाचे आहेत, आफ्रिकी रक्ताचा त्यांत अंश नाही, हे वाचकांना पटवून देण्यासाठी तेथील वृत्तपत्रे घाम गाळत होती.

९/ पण त्याच सिनसिनाटीचा संघ १९०८ मध्ये हवानाला गेला होता. तेथे होसे मेंदेस नावाच्या तरुण पिचरने त्यांच्याविरुद्ध सलग २५ इनिंग्ज एकही धाव दिली नाही. म्हणजे क्यूबातला सर्वांत धोकादायक पिचर कोण, हे सिनसिनाटीला स्वतःच्या अंगावर कळले होते. तीन वर्षांनी खेळाडू निवडताना त्याला वगळले. मेंदेस काळा होता.

१०/ पुढे आदोल्फो ल्युके. हवानाचा, गोरा. १९२३ मध्ये सिनसिनाटीसाठी २७ सामने जिंकले. थोर पिचर, याबद्दल वाद नाही. पण वर्ष पाहा : १९२३, दिइगो अमेरिकेत आला तेच. हिवाळ्यात दोघे क्यूबाच्या एकाच लीगमध्ये खेळत. वसंत ऋतू आला की ल्युके मेजर लीगकडे जाई, दिइगो निग्रो लीगकडे. बेट एक, भाषा एक, खेळ एक.

११/ ‘तो काळच तसा होता’ हे दुसरे लाडके समर्थन. कोणता काळ? क्यूबाच्या व्यावसायिक लीगमध्ये १९०० पासून गोरे-काळे एकत्र खेळत होते. मेक्सिकोतही खेळत. गोरे अमेरिकन खेळाडू हिवाळ्यात हवानाला येऊन कृष्णवर्णीयांसमोर उभे राहत आणि मानधन घेऊन परत जात. काळ सर्वांना एकच होता. वेगळा होता तो सोळा मालकांचा निर्णय.

१२/ तिसरा आक्षेप जरा सभ्य वाटतो : ‘तो सर्वोच्च पातळीवर खेळला नाही, मग तुलना कशी करणार?’ सर्वोच्च पातळी ठरवली कोणी? १९६९ च्या सुमारास एका नोंद समितीने इतिहासातील सहा लीगना ‘मेजर’ ठरवले. निग्रो लीग त्यांत नव्हत्या. आधी माणसाला बाहेर ठेवायचे, मग तो आत नव्हता हाच त्याच्या कमीपणाचा पुरावा मानायचा. हे तर्कशास्त्र कोणत्याही सावकाराला शोभेल.

१३/ डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधील सात निग्रो लीगना ‘मेजर’ दर्जा दिला. उत्तम झाले. पण निवेदनात ही जुन्या नजरचुकीची दुरुस्ती म्हटली होती. नजरचूक! हिशेबात हातचा राहून गेला तर ती नजरचूक. साठ वर्षे रोज न चुकता केलेल्या गोष्टीला मराठीत दुसरे शब्द आहेत.

१४/ शिवाय या दुरुस्तीनेही दिइगो पुरा सापडत नाही. त्याचे हवानातले हिवाळे आणि १९३८ चा तो वेराक्रूझचा मोसम अमेरिकेच्या वहीबाहेरच आहेत. मेक्सिकोत लोक त्याला ‘एल माएस्त्रो’ म्हणत, क्यूबात ‘एल इनमोर्ताल’, म्हणजे अमर. त्यांना कोणाच्या दाखल्याची वाट पाहावी लागली नव्हती. क्यूबाने १९५१ मध्ये आणि मेक्सिकोने १९६४ मध्ये त्याला आपापल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतले.

१५/ जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनकडून मैदानात उतरला, तेव्हा दिइगो चाळिशीत होता. अमेरिकेच्या हॉल ऑफ फेमने त्याची निवड केली १९७७ मध्ये. २० मे १९७१ रोजी तो वारला होता. मेंदेसला तर तेथे पोहोचायला २००६ उजाडले. तोवर त्याच्या मृत्यूला ७८ वर्षे झाली होती. त्याच्यावरचा थ्रेड पुढच्या वेळी.