दैव पाचवे, कर्तव्य पहिले

घाटात एखादी बस दरीत कोसळते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात मृतांच्या यादीशेजारी एक लहानशी चौकट असते. त्याच बसचे आरक्षण असलेला, पण दोन मिनिटे उशीर झाल्यामुळे वाचलेला एक प्रवासी त्या चौकटीत असतो. तो कुलदैवतापुढे नारळ फोडतो, घरी सत्यनारायण घालतो आणि शेजारीपाजारी 'देव तारी त्याला कोण मारी' असे म्हणत प्रसाद घेऊन जातात. त्या माणसाच्या कृतज्ञतेत खोटे काहीच नाही. पण त्याच आळीत दुसऱ्या एका घरी दहाव्याची तयारी चाललेली असते. त्या घराने काय समजायचे? एकाची बस देवाने चुकवली असेल, तर दुसऱ्याला त्याच बसमध्ये कोणी बसवले?

श्रद्धावान समाजाला हा प्रश्न टाळता येत नाही. सुखात देवाचा हात दिसतो आणि दुःखात दिसत नाही, असे म्हणणे सोयीचे आहे; पण ज्या परंपरेने चराचरात ईश्वर पाहिला, तिला ही सोय परवडणारी नाही. मग दुःखातला देवाचा हात ओळखायचा कसा, आणि ओळखायचा कोणी?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणरायाला निरोप देऊन लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावे रात्री उशिरा झोपी गेली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे पाहता पाहता मातीच्या ढिगाऱ्यांखाली गेली आणि हजारो माणसे झोपेतच मृत्युमुखी पडली. विघ्नहर्त्याच्या विसर्जनाच्याच रात्री हे विघ्न का यावे, असा आक्रोश त्या गावांतून उठला. त्याच वेळी, दूर सुरक्षित घरांत बसून 'त्या भागात पाप फार वाढले होते' असा निवाडा देणारी तोंडेही कमी नव्हती.

ज्या आईने ढिगारा उपसून आपले लेकरू बाहेर काढले, तिने देवाला जाब विचारला तर तो तिचा अधिकार होता. जो भक्त देवाशी भांडतो, तो देवाला मानतोच. परंतु ज्याच्या घराचा एक चिराही ढळला नव्हता, त्याने मृतांच्या पापपुण्याचा हिशेब मांडणे ही श्रद्धा नव्हे. तो श्रद्धेच्या नावाने केलेला निष्ठुरपणा होय.

हा वाद आपल्या देशात अत्यंत थोर माणसांमध्येही झाला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला. अस्पृश्यता निवारणासाठी दक्षिणेत दौरा करीत असलेल्या महात्मा गांधींनी, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा आहे, असे प्रतिपादन केले. रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्याला जाहीर विरोध केला. अस्पृश्यता हे घोर पाप आहे, याबद्दल दोघांत मतभेद नव्हता. निसर्गातील घटनांची कारणे निसर्गातच शोधली पाहिजेत, त्यांवर नैतिक निवाडे लादू नयेत, हा रवींद्रनाथांचा आग्रह होता. गांधीजींचा हेतू कितीही उदात्त असला, तरी मनात एक प्रश्न उरतोच. भिंतीखाली चिरडलेल्यांत जे स्वतः अस्पृश्यतेचे बळी होते, त्यांना कोणत्या अपराधाची शिक्षा झाली?

याचा अर्थ दैव नाहीच, असा नव्हे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. दैव नाकारलेले नाही. पण ते पाचवे आहे. आधीच्या चार कारणांचा हिशेब न देता थेट पाचव्याकडे बोट दाखवणे, हे गीतेला धरून नाही. किल्लारी परिसरातील घरांच्या भिंती जाडजूड दगडांच्या, पण मातीत रचलेल्या होत्या आणि त्यांवर माळवदाचा प्रचंड भार होता. धरणीचा हादरा माणसाच्या हाती नव्हता; घराची बांधणी होती. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळपास तीनशे भाविकांचा बळी गेला. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि न आवरणारी गर्दी यांचे उत्तर माणसांनी द्यायचे होते. त्याला देवीचा कोप म्हणणे म्हणजे आपली चूक देवीच्या पदरात टाकणे होय.

मग दुःखात ईश्वरी संकेत पाहूच नये का? पाहावा, पण तो स्वतःच्या दुःखात पाहावा. सतराव्या शतकातल्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकोबांचा व्यापार बुडाला, पत्नी गेली, मुलगा गेला. त्याच विपत्तीत त्यांना देवाची हाक ऐकू आली आणि दिवाळे निघाले ते बरेच झाले, असे ते देवालाच म्हणाले. परंपरा सांगते की, त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि पडझड झालेले विठ्ठलमंदिर उभे केले. आपल्या आपत्तीला तुकोबांनी देवाची कृपा मानले. पण ज्यांच्याकडून येणे होते त्या दुष्काळाने गांजलेल्या कुळांना 'भोगा आपल्या कर्माची फळे' असे सुनावले नाही. स्वतःपुरता अर्थ लावला आणि दुसऱ्यांचे ओझे उतरवले.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही हेच सांगते. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडत असताना पंतांनी सरकारी कोठारे खुली केली. त्यानंतर विठू महाराच्या रूपात पांडुरंग बादशहाच्या दरबारी गेला आणि धान्याची किंमत चुकती करून आला. चमत्कार घडला तो कोठाराचे दार उघडल्यानंतर. पंत दार लावून देवाची वाट पाहत बसले असते, तर ही कथा आज कोणी सांगितली नसती.

रोजच्या आयुष्यात दैवाची खूण पारखण्याची कसोटी येथेच सापडते. जो संकेत आपले कर्तव्य वाढवतो, तो देवाचा मानण्यास हरकत नाही. जो आपल्याला कर्तव्यातून मोकळे करतो, किंवा दुसऱ्याला दोषी ठरवतो, तो बहुधा आपल्याच अहंकाराचा असतो. घरात मृत्यू झाला की नव्या सुनेला पांढऱ्या पायाची ठरवणारे, अपंग मूल जन्मले की आईचे पूर्वजन्मीचे पाप काढणारे, असाध्य रोगाने खंगलेल्या माणसाच्या उशाशी बसून कर्मविपाक ऐकवणारे लोक देवाचे नाव घेतात. पण कर्मसिद्धान्त त्यांनी उलटा धरलेला असतो. आपल्या कर्माची जबाबदारी आपण घ्यावी यासाठी तो सिद्धान्त आहे. शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवण्याचा तो परवाना नव्हे.

किल्लारीच्या त्या पहाटेनंतर देव कोठेच नव्हता, असे म्हणणाऱ्यांनी पुढचे दिवसही आठवावेत. गावोगावहून माणसे फावडी-घमेली घेऊन धावली. अनोळखी प्रेतांना अनोळखी हातांनी अग्नी दिला. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी त्या भागातील सुमारे १२०० मुले पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. ज्ञान प्रबोधिनीने हराळीत शाळा उभी केली. भूकंप कोणी पाठवला, या प्रश्नाचे उत्तर या माणसांनी शोधत बसण्याचे कारण नव्हते. आपल्याला कोठे जायचे आहे, एवढे त्यांना कळले होते.

बस चुकलेल्या त्या प्रवाशाने सत्यनारायण जरूर घालावा. परंतु प्रसादाचा पहिला द्रोण घेऊन त्याने दहाव्याच्या त्या घरी जावे, काही न बोलता ओसरीवर बसावे आणि पोरक्या झालेल्या मुलांच्या शाळेची चौकशी करावी. देवाने आपल्याला का वाचवले, याचे उत्तर त्याला कदाचित त्याच ओसरीवर मिळेल.