‘२९ मध्ये ३८ टाका’

मॉडेल रेल्वेच्या जाणत्या हौशी मंडळींचा मला एका बाबतीत फार राग येतो. नवख्याने विचारावं, इंजिनला चार आकडी नंबर कसा द्यायचा, की उत्तर तयार : ‘सीव्ही २९ मध्ये ३८ टाका.’ का टाकायचं? ‘टाका म्हटलं ना!’ मी उर्दू-मराठी शिकवणारी बाई. घोकंपट्टी मला लांबूनही ओळखू येते.

डीसीसी ही पद्धत जर्मनीच्या लेन्झ कंपनीने घडवली आणि अमेरिकेतल्या एनएमआरए या हौशी लोकांच्या संस्थेने ती सर्वांसाठी प्रमाण केली. रुळांत वीज कायम असते, संदेशही तिच्यातूनच जातो. इंजिनच्या पोटातला डिकोडर आपल्या नंबराचा संदेश तेवढा उचलतो आणि मोटर फिरवतो. सीव्ही म्हणजे त्याच्या स्मरणातले कप्पे. गुपित कसलंच नाही.

आता २९ नंबरचा कप्पा. त्यात एक आकडा दिसतो, पण ती बटणांची पट्टी आहे. वेगाच्या २८ किंवा १२८ पायऱ्या हव्यात, २. जुन्या साध्या डीसी रुळावरही इंजिन चालावं, ४. मोठा नंबर, ३२. बेरीज ३८. इंजिन उलटं धावतंय? १ मिळवा, ३९. तिसरीतल्या पोराला जमेल असं गणित आपण मंत्रासारखं पुटपुटत बसतो! आणि मोठा नंबर १७ व १८ या कप्प्यांत भरलाच नसेल, तर ३८ टाकताक्षणी इंजिन मूळच्या ३ नंबरला ओ देत नाही. नवख्याला वाटतं, डिकोडर मेला. पुष्कळ कंपन्यांचा डिकोडर सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की कारखान्यातून आला तसा होतो. (त्या कप्प्यात कंपनीचा क्रमांक असतो, तो बदलत नाही, म्हणून तिथे लिहिणं ही नुसती खूण.) पण कारणच ठाऊक नसलेल्याने तोवर तो फेकलेला असतो.

‘एवढं समजावत कोण बसणार?’ म्हणतात. वरचा परिच्छेद वाचायला किती वेळ लागला?

तारांचंही तेच. लाल-काळी रुळांकडून, नारिंगी-करडी मोटरला, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा, निळी सगळ्या दिव्यांची सामायिक धन तार. रंग पाठ झाले की उस्ताद झालो, असं समजू नका. कित्येक जुन्या इंजिनांत मोटरचं एक टोक धातूच्या सांगाड्याला टेकलेलं असतं आणि सांगाड्यात रुळाची वीज खेळते. तिथे नारिंगी-करडी बरोब्बर रंगाप्रमाणे जोडली तरी डिकोडर जळतो. म्हणून शिकवायचंच असेल तर आधी हे शिकवा : ते टोक सांगाड्यापासून तोडा, आणि डिकोडर जोडण्याआधी मोटरची टोकं व चाकं यांच्यामध्ये मीटर लावून बघा. मीटर वाजला, तर कावीया अजून गरम करू नका.